बीजगणित आणि तरंगांचा गृहपाठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरच्या वर्गांतली मुलं गृहपाठात अडली की जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बीजगणित आणि तरंग एकाच पानावर कशाला, असं काही जण विचारतात. तरंगांचं म्हणून जे उदाहरण येतं, त्यातलं भौतिकशास्त्र पुष्कळदा पहिल्या दोन ओळींतच संपलेलं असतं, आणि घोळ असतो तिसऱ्या ओळीतल्या उणे चिन्हात. उलटही होतं. आकडेमोड चोख असते, पण कोणती राशी बदलते आणि कोणती तशीच राहते, हेच पाहिलेलं नसतं. म्हणून दोन्ही एकत्र.

उत्तरं विद्यार्थ्याला 'तू' म्हणून लिहिली आहेत, पालकांना 'तुम्ही'. अज्ञात संख्येसाठी क्ष आणि य वापरले आहेत. तुझ्या पुस्तकात दुसरी अक्षरं असतील तर ती घे, गणित तेच राहतं.

१. मला काहीच कळत नाही, तर मदत मागताना लिहू काय?

'काहीच कळत नाही' हे सहसा खरं नसतं. प्रश्न वाचता आला, त्यात काय दिलंय हे कळलं, एखादं सूत्र आठवलं, म्हणजे काहीतरी कळलेलं आहेच. तिथपर्यंतचं लिहून पाठव. प्रश्न जसा छापलाय तसा, शब्द न गाळता. त्याखाली तुझं काम, खोडाखोडीसकट. आणि ज्या ओळीनंतर हात थांबला, त्या ओळीवर खूण.

कडेचं अर्धं वाक्य कापलं गेलेला फोटो आणि खाली 'हे सोडवून द्या ना' असे निरोप बरेच येतात. त्यावर मला उलट चार प्रश्न विचारावे लागतात आणि त्यात एक संध्याकाळ जाते. याउलट एका मुलीने लिहिलं होतं, 'इथे दोन्ही बाजूंना ४ ने भागलं, पण उजवीकडे मला ३ येतात आणि मैत्रिणीला १२. कोण चुकलं?' उत्तर एका ओळीत देता आलं. अडलेली ओळ दाखवली की मदत तिथेच होते. नाहीतर समोरचा पहिल्या ओळीपासून शिकवत बसतो आणि तुला ते आधीच येत असतं.

२. नुसतं उत्तर सांगायला काय जातं?

काही जात नाही. पण परीक्षेत आकडे बदलतात. पूर्ण सोडवलेलं उदाहरण हवंच असेल तर आकडे बदललेलं माग, आणि ते बघून आपलं मूळ उदाहरण स्वतः सोडव.

३. ॲपला किंवा एआयला विचारलं तर चालतं का?

शाळेचा किंवा शिक्षकांचा त्याबद्दल काही नियम असेल तर तो आधी. नसेल तर वापर, पण 'सोडव' म्हणून नको. 'माझ्या या पाच ओळींत पहिली चुकीची ओळ कोणती आणि का, पुढचं सोडवू नकोस' असं विचार. ही यंत्रं पायऱ्या सुबक मांडतात, आणि मध्येच एखादं चिन्ह चुकलं तरी त्याच आत्मविश्वासाने पुढे जातात. प्रश्नातली आकृती वाचताना तर विशेष. म्हणून आलेलं उत्तर पुढच्या प्रश्नात सांगितल्याप्रमाणे पडताळून घ्यायचं. ते काम तुझंच.

४. पुस्तकामागचं उत्तर न बघता आपलं बरोबर आलंय हे कसं कळेल?

बीजगणितात सोपं आहे. आलेली किंमत मूळ समीकरणात ठेवायची. मूळ म्हणजे पुस्तकात छापलेलं, तू दुसऱ्या ओळीत लिहिलेलं नव्हे. चूक पहिल्याच ओळीत झाली असेल तर दुसऱ्या ओळीत किंमत ठेवून सगळं छान जुळतं आणि चूक तशीच राहते.

तरंगांच्या उदाहरणात दोन गोष्टी बघ. पहिली, एकक. तरंगलांबी (दोन लगतच्या उंचवट्यांमधलं अंतर) काढायची होती आणि उत्तराचं एकक सेकंद येतंय, तर सूत्र उलटं फिरवलंय. दुसरी, आकाराचा अंदाज. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतच्या वारंवारतेचा, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा, आवाज ऐकू येतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर धरला तर त्या आवाजांच्या तरंगलांब्या १७ मीटर ते १.७ सेंटिमीटर यांच्यामध्येच पडतात. शिट्टीच्या आवाजाची तरंगलांबी ४०० मीटर आली, तर वही पुन्हा उघडायची.

५. पालकांचा प्रश्न: आम्हाला स्वतःलाच हे येत नाही. मुलाला मदत कशी करायची?

तुम्हाला येत नाही हे तुमच्या सोयीचंच आहे. त्याला म्हणा, 'मला समजेल असं सांग.' तो सांगत असताना मध्येच 'मग असं करायचं असतं' असं म्हणाला, की तिथे थांबवून 'का?' एवढंच विचारा. बहुतेक वेळा त्या 'असतं'खालीच गाठ सापडते. पद्धत मात्र सुचवू नका. तुम्ही शिकलेली पद्धत बरोबर असली तरी त्याच्या वर्गातली वेगळी असू शकते, आणि रात्री दोन पद्धतींची खिचडी झाली की रडारड होते.

६. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं' हा नियम कधी चालतो आणि कधी नाही?

पक्षांतराचा हा मंत्र तोंडपाठ असतो, म्हणूनच त्याने सर्वांत जास्त घात केलाय. खरं तर 'पलीकडे' काहीही जात नाही. समीकरण म्हणजे तोललेला तराजू. डावीकडे जे करू तेच उजवीकडे करायचं, एवढा एकच नियम आहे.

क्ष + ७ = १२. दोन्ही बाजूंतून ७ वजा केले, क्ष = ५. इथे ७ 'पलीकडे जाऊन उणे झाला' असं दिसतं, आणि मंत्र चालून जातो.

आता ३क्ष = १२ घे. मंत्र म्हणणारे क्ष = १२ − ३ असं लिहितात, किंवा ३ खाली नेताना त्यालाही उणे लावतात: क्ष = १२ ÷ (−३). दोन्ही चूक. ३ हा क्षला गुणलेला आहे, मिळवलेला नाही. गुणाकार सोडवायला भागाकार लागतो, आणि ३ ने भागायचं म्हणजे +३ नेच भागायचं. क्ष = ४.

तिसरा प्रकार, −२क्ष = ६. इथे उणे चिन्ह त्या २ चंच आहे, म्हणून −२ ने भागायचं: क्ष = −३. ठेवून बघ, −२ × −३ = ६. जुळलं.

माझं मत विचारशील तर एक महिनाभर 'पलीकडे' हा शब्दच वापरू नकोस. प्रत्येक ओळीशेजारी 'दोन्हीकडून ७ वजा', 'दोन्हीकडे −२ ने भाग' असं लिही. वेळ थोडा जास्त लागतो, पण चूक झाली की ती कुठे झाली हे लगेच दिसतं.

असमानतेत एक अपवाद आहे. ऋण संख्येने गुणलं किंवा भागलं तर चिन्हाची दिशा फिरते. −२क्ष < ६ चं उत्तर क्ष > −३. का? ३ हा ५ पेक्षा लहान आहे, पण −३ हा −५ पेक्षा मोठा. बाकी सगळं समीकरणासारखंच.

७. कंस सोडवताना दर वेळी काहीतरी चुकतं. काय पाहू?

दोनच ठिकाणं. एक, कंसाबाहेरचं उणे. ५ − २(क्ष − ३) म्हणजे ५ − २क्ष + ६. शेवटचे ६ अधिक आहेत, कारण −२ आतल्या प्रत्येक पदाला गुणतो, −३ लासुद्धा. शिवाय आधी ५ − २ = ३ करून ३(क्ष − ३) लिहिणारेही भेटतात. गुणाकार आधी, वजाबाकी नंतर.

दोन, वर्ग. (क्ष + ३)² म्हणजे क्ष² + ९ नव्हे. खात्री नसेल तर क्षच्या जागी १ ठेव. डावीकडे ४² = १६, उजवीकडे १ + ९ = १०. मधले ६क्ष हरवलेत. कोणत्याही विस्ताराबद्दल शंका आली की असा एक लहान आकडा घालून बघायचा. क्ष = ० मात्र घेऊ नकोस, त्यात चुकीचा विस्तारही बरोबर वाटतो.

८. वर्गसमीकरण आलं की अवयव पाडू, पूर्ण वर्ग करू की सूत्र वापरू?

प्रश्नात पद्धत सांगितली असेल तर तीच. नसेल तर आधी विवेचक काढ: मधल्या सहगुणकाचा वर्ग, उणे ४ गुणिले पहिला गुणिले शेवटचा.

२क्ष² − ७क्ष + ३ = ० मध्ये ४९ − २४ = २५. पूर्ण वर्ग मिळाला, म्हणजे अवयव सुटसुटीत पडणार: (२क्ष − १)(क्ष − ३) = ०. उत्तरं १/२ आणि ३. विवेचक पूर्ण वर्ग नसेल तर अवयव शोधण्यात दहा मिनिटं घालवू नकोस, थेट सूत्राकडे जा. ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत. तसं लिहून मोकळं व्हायचं.

पूर्ण वर्ग पद्धतीत मुलांना छळतात ते अपूर्णांक. त्यावर श्रीधराचार्यांची जुनी युक्ती आहे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या आपल्या बीजगणितात ती त्यांच्या नावानिशी दिली आहे. सुरुवातीलाच सगळ्याला क्ष² च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणायचं. ३क्ष² + ५क्ष + १ = ० घेतलं तर चौपट १२:

३६क्ष² + ६०क्ष = −१२

दोन्हीकडे मधल्या सहगुणकाचा वर्ग, म्हणजे २५, मिळव:

(६क्ष + ५)² = १३

आणि क्ष = (−५ ± √१३) ÷ ६. शेवटच्या ओळीपर्यंत एकही अपूर्णांक आला नाही. तो १३ म्हणजे विवेचकच. पाठ केलेलं सूत्र कुठून आलं असेल, ते या तीन ओळींत दिसतं.

९. दोन उत्तरं आली. दोन्ही लिहायची की एक?

समीकरण शुद्ध बीजगणिताचं असेल आणि वाटेत कुठे वर्ग केला नसेल किंवा क्ष असलेल्या पदाने गुणलं नसेल, तर दोन्ही. बाकी ठिकाणी तपासायचं.

√(क्ष + ६) = क्ष घे. वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, उत्तरं ३ आणि −२. मूळ समीकरणात ३ ठेवलं तर √९ = ३, ठीक. −२ ठेवलं तर √४ = २, पण उजवीकडे −२ आहे. म्हणजे −२ हे उपरं उत्तर. वर्ग करताना उणे चिन्ह पुसलं गेलं आणि ते आत शिरलं.

याच्या उलट म्हणजे उत्तर हरवणं. क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्षने भागून क्ष = ५ लिहिलं की क्ष = ० हे दुसरं उत्तर गेलं. क्ष शून्य असू शकत असेल तर त्याने भागायचं नाही. ५क्ष डावीकडे आणून क्ष(क्ष − ५) = ० कर.

भौतिकशास्त्रात वेळ किंवा लांबी ऋण आली की ते उत्तर सोडून द्यायचं, पण 'वेळ ऋण नसते म्हणून' अशी ओळ लिहायची. ती न लिहिता नुसतं खोडलं तर गुण जाऊ शकतात.

१०. शाब्दिक उदाहरणाचं समीकरण बनवताना उलटसुलट होतं.

वाक्य डावीकडून उजवीकडे तसंच्या तसं उतरवू नकोस. 'एका संख्येपेक्षा ५ ने कमी' म्हणजे क्ष − ५. पण 'एक संख्या ५ मधून वजा केली' म्हणजे ५ − क्ष, जरी संख्या आधी ऐकू आली तरी. गोंधळ झाला तर क्षऐवजी २० धरून वाक्य मोठ्याने म्हण. २० पेक्षा ५ ने कमी म्हणजे १५, हे तोंडातून आपोआप येतं. मग ते १५ कसे आले ते लिही आणि २० च्या जागी क्ष घाल.

११. तरंग पुढे जातो म्हणजे नेमकं काय पुढे जातं?

दोरीच्या मध्यावर एक रंगीत धागा बांध, एक टोक कशाला तरी अडकव आणि दुसरं हलव. लाट पलीकडच्या टोकापर्यंत जाते, धागा मात्र जागच्या जागी वर-खाली होतो. पुढे जाते ती ऊर्जा. दोरीचे कण तरंगाच्या दिशेला काटकोनात हलतात, म्हणून हा अवतरंग. हवेतल्या ध्वनीत कण तरंगाच्याच दिशेने पुढे-मागे होतात, संपीडन (हवा दाटणं) आणि विरलन (हवा विरळ होणं) तयार होतं, म्हणून तो अनुतरंग.

इथे पुस्तक ध्वनीची आकृतीसुद्धा डोंगर-दऱ्यांसारखी काढतं आणि मुलं फसतात. तो हवेचा फोटो नव्हे, दाबाचा किंवा घनतेचा आलेख आहे. वरचं टोक म्हणजे हवा दाटलेली जागा. आणि पाण्याच्या पृष्ठभागावरची लाट निव्वळ अवतरंग नसते. तिथले कण साधारण गोलाकार फिरतात.

१२. वेग = वारंवारता × तरंगलांबी. मग वारंवारता दुप्पट केली की वेग दुप्पट होतो ना?

नाही. या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि (गंमत म्हणजे) सर्वांत जास्त वारंवारतेने येणाराही.

बीजगणिताच्या नजरेने बघितलं तर तुझं म्हणणं साहजिक आहे. उजवीकडची एक राशी दुप्पट, म्हणजे डावी बाजू दुप्पट. पण त्यात तरंगलांबी तशीच राहते असं तू न बोलता धरलंस. ती तशी का राहील? सूत्र तीन राशींचं नातं सांगतं, त्यांतली कोण कोणाच्या मागे चालते हे सांगत नाही. ते प्रश्न वाचून ठरवायचं असतं.

ठरवायचं ते असं. वेग माध्यम ठरवतं. वारंवारता उगम ठरवतो, म्हणजे जे कंप पावतंय ते. उरलेली तरंगलांबी या दोघांच्या मागे जाते. हवा तीच आणि वारंवारता दुप्पट, तर तरंगलांबी निम्मी. वेग जागच्या जागी.

आता माध्यम बदलून बघू. ४४० हर्ट्झचा स्वर हवेतून पाण्यात गेला. २० अंश सेल्सिअसला हवेत वेग सेकंदाला ३४३ मीटर, पाण्यात साधारण १४८०. हवेत तरंगलांबी ३४३ ÷ ४४०, सुमारे ०.७८ मीटर. पाण्यात १४८० ÷ ४४०, सुमारे ३.३६ मीटर. वारंवारता दोन्हीकडे ४४० च, कारण सीमेवर सेकंदाला जितके तरंग येऊन पोचतात तितकेच पुढे निघतात. मध्ये साठायला जागा नाही.

प्रत्येक उदाहरण सोडवण्याआधी समासात लिही: 'काय बदललं, माध्यम की उगम?' त्यावरून स्थिर राशी कोणती ते कळतं.

अपवाद आहेत. काचेत जांभळा प्रकाश तांबड्यापेक्षा किंचित हळू जातो, म्हणजे एकाच माध्यमात वेग वारंवारतेनुसार बदलतो. लोलकातून रंग वेगळे दिसतात ते या अपस्करणामुळेच. खोल पाण्यावरच्या लांब लाटाही आखूड लाटांपेक्षा जलद जातात. प्रश्नात तसं सांगितलेलं नसेल तर हे मनावर घेऊ नकोस.

१३. आलेखावरून तरंगलांबी काढली तर चूक म्हणतात. दोन उंचवट्यांमधलं अंतरच तर घेतलं.

आडव्या अक्षावर काय लिहिलंय ते वाचलंस का? बहुधा तिथे 'काळ' असेल.

दोन आलेख हुबेहूब सारखे दिसतात. एकाच्या आडव्या अक्षावर अंतर असतं. तो एका क्षणी काढलेला संपूर्ण दोरीचा फोटो समज. त्यात दोन लगतच्या उंचवट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी. दुसऱ्याच्या आडव्या अक्षावर काळ असतो. तो दोरीवरच्या एकाच कणाची, म्हणजे त्या रंगीत धाग्याची, रोजनिशी आहे. त्यात दोन उंचवट्यांमधलं 'अंतर' म्हणजे दोलनकाल.

समज दोन उंचवट्यांमध्ये ०.४ आहे. अक्षावर मीटर असेल तर तरंगलांबी ०.४ मीटर, आणि वारंवारतेबद्दल आलेख काहीच सांगत नाही. अक्षावर सेकंद असेल तर दोलनकाल ०.४ सेकंद, वारंवारता १ ÷ ०.४ = २.५ हर्ट्झ, आणि तरंगलांबीबद्दल आलेख मुका. वेग हवा असेल तर दोन्ही आलेख लागतात, किंवा एक आलेख आणि एक आकडा.

आयाम मात्र दोन्हीत सारखाच वाचायचा, मधल्या रेषेपासून उंचवट्यापर्यंत. खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत मोजलं की दुप्पट येतो. अर्ध्या वर्गाचं तिथेच चुकतं.

१४. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, तरी उत्तर हजारपट कसं चुकतं?

एककं. किलोहर्ट्झ म्हणजे हजार, मेगाहर्ट्झ म्हणजे दहा लाख. रेडिओच्या १०० मेगाहर्ट्झच्या तरंगासाठी ३,००,००,००० भागिले १० असं काहीतरी मनातल्या मनात करू नकोस. घातांकात लिही: ३ × १०⁸ ÷ १०⁸ = ३ मीटर. आणि रेडिओ म्हणजे आवाज समजून ३४० घेऊ नकोस. रेडिओतरंग प्रकाशाच्या वेगाने जातात. ध्वनी सुरू होतो तो स्पीकरपासून पुढे.

१५. प्रतिध्वनीत २ ने कधी भागायचं?

वेळ आवाजाच्या जाण्यायेण्याची असेल तेव्हा. १.५ सेकंदांनी प्रतिध्वनी आला, वेग ३४०, तर आवाज ५१० मीटर चालला आणि कडा २५५ मीटरवर आहे. प्रतिध्वनीसाठी लागणारं किमान अंतर १७.२ मीटर, हा पुस्तकातला आकडाही यातूनच येतो. मूळ आवाज आणि प्रतिध्वनी वेगळे कळायला निदान ०.१ सेकंद लागतो असं धरलं, तर तेवढ्यात ३४४ च्या वेगाने आवाज ३४.४ मीटर जातो, त्याच्या निम्मे १७.२.

पण ऐकणाराच चालत असेल तर २ ने भागून चालत नाही, कारण जाण्याचं आणि येण्याचं अंतर वेगळं असतं. उदाहरण: गाडी कड्याकडे सेकंदाला २० मीटरने जातेय, हॉर्न वाजवल्यावर ३ सेकंदांनी प्रतिध्वनी ऐकू आला, ध्वनीचा वेग ३४०. हॉर्न वाजवताना कडा किती दूर होता?

ते अंतर क्ष. आवाज जाताना क्ष चालला. येताना गाडी ६० मीटर पुढे आलेली, म्हणून क्ष − ६० चालला. एकूण ३४० × ३ = १०२०.

क्ष + (क्ष − ६०) = १०२०
२क्ष = १०८०
क्ष = ५४०

पडताळा: ५४० + ४८० = १०२०. इथे भौतिकशास्त्राची ओळ एकच, बाकी प्रश्न ६ मधला तराजू. 'प्रतिध्वनी ऐकताना कडा किती दूर' असं विचारलं असेल तर उत्तर ४८०, म्हणून शेवटचं वाक्य पुन्हा वाच.

१६. तारेत आणि नळीत कोणती हार्मोनिक्स येतात, हे पाठ न करता कसं ओळखू?

टोकांकडे बघून. बांधलेलं टोक हलू शकत नाही, तिथे निस्पंद बिंदू. नळीच्या उघड्या टोकाशी हवा मोकळी, तिथे प्रस्पंद बिंदू. बंद टोकाशी पुन्हा निस्पंद. मग त्या टोकांमध्ये बसेल अशी सर्वांत लांब लाट काढ. दोन्ही टोकं सारखी असतील तर लांबीत अर्धी तरंगलांबी बसते, वेगळी असतील तर पाव.

एक टोक बंद असलेली ०.८५ मीटरची नळी, वेग ३४०. पाव तरंगलांबी ०.८५, म्हणून पूर्ण ३.४ मीटर, मूलभूत वारंवारता १०० हर्ट्झ. पुढची हार्मोनिक्स, म्हणजे तिच्या पटीतल्या वारंवारता, ३०० आणि ५००. सम पटी बसतच नाहीत, काढून बघ. तीच नळी दोन्हीकडे उघडी असेल तर २००, ४००, ६००.

फसवा शब्द म्हणजे 'पहिला ओव्हरटोन', मूलभूत वारंवारतेनंतरचा पहिला स्वर. बंद नळीत तो ३०० हर्ट्झ, म्हणजे तिसरं हार्मोनिक. ओव्हरटोन मोजताना जे प्रत्यक्ष येतात तेच मोजायचे.

तारेचा ताण चौपट केला तर वारंवारता दुप्पटच होते, कारण ती ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते. प्रश्न १२ शी हे जुळतं: ताण बदलला म्हणजे माध्यम बदललं, म्हणून वेग बदलला. तरंगलांबी इथे तारेच्या लांबीने बांधलेली आहे.

१७. डॉप्लरच्या सूत्रात अधिक कुठे आणि उणे कुठे, दर वेळी विसरतो.

पाठ करू नकोस. उगम किंवा ऐकणारा हलत असला की ऐकू येणारी वारंवारता बदलते, ती हे सूत्र देतं. ऐकणाऱ्याचा वेग अंशात, उगमाचा छेदात, एवढं लक्षात ठेव. चिन्ह उत्तराकडे बघून ठरव: जवळ येत असतील तर वारंवारता वाढली पाहिजे. अंश वाढवायला अधिक, छेद कमी करून वाढवायला उणे.

६०० हर्ट्झचा भोंगा सेकंदाला २० मीटरने जवळ येतोय: ६०० × ३४० ÷ ३२० = ६३७.५ हर्ट्झ. दूर जाताना ६०० × ३४० ÷ ३६०, सुमारे ५६७. आता भोंगा स्थिर आणि तू त्याच वेगाने त्याच्याकडे: ६०० × ३६० ÷ ३४०, सुमारे ६३५. सारखं नाही. 'कोणीही हललं तरी तेच' हे ध्वनीला लागू नाही, कारण कोण हवेच्या तुलनेत हलतंय याने फरक पडतो.

आणखी एक. गाडी एकाच वेगाने थेट अंगावर येताना आवाज चढत चढत जातो असं सगळे लिहितात. चढते ती तीव्रता. वारंवारता मात्र वाढलेली, पण एकाच आकड्यावर टिकून असते आणि गाडी ओलांडून जाताना खाली पडते. डॉप्लरने ही कल्पना १८४२ साली मांडली आणि १८४५ मध्ये डच शास्त्रज्ञ बाईस बॅलट यांनी ती आगगाडीवर कर्णे वाजवणारे बसवून तपासली. स्वर ओळखायला यंत्र नव्हतं, खाली संगीतकारांचे कान होते.

१८. माझं उत्तर आणि पुस्तकाचं उत्तर थोडं वेगळं आहे. कोण चूक?

किती वेगळं, ते बघ. एक ते चार टक्क्यांचा फरक असेल तर ध्वनीचा वेग तपास. पुस्तकं ३३०, ३४०, ३४३, ३४४ असे वेगवेगळे आकडे घेतात, कारण ० अंशाला तो सुमारे ३३१ असतो आणि दर अंशाला साधारण ०.६ ने वाढतो. तापमान दिलेलं असेल तर ते उगाच दिलेलं नाही. हवेचा दाब दिलेला असेल तर मात्र तो बहुधा चकवा आहे. तापमान तेच ठेवून दाब वाढवला तर घनताही त्याच प्रमाणात वाढते आणि वेग बदलत नाही.

नेमकं दुप्पट किंवा निम्मं आलं तर प्रतिध्वनी (प्रश्न १५) किंवा आयाम (प्रश्न १३). दहाच्या पटीत चुकलं तर प्रश्न १४. बीजगणितात १/√२ आणि √२/२ हे वेगळे वाटतात, पण एकच आहेत.

यातलं काहीच नसेल आणि प्रश्न ४ मधली पडताळणी तुझ्या बाजूने असेल, तर पुस्तकात छपाईची चूक असू शकते. तुझी पडताळणी वहीत लिहून शिक्षकांना दाखव. मागचं उत्तर बघून शेवटची ओळ बदलू नकोस.